रूट बिअर, गुलाबी गोळ्या आणि गुडघ्याचं मलम: विंटरग्रीनचा वास सगळीकडे एकच आहे का?

सातारकर_पिट्सबर्ग

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न आज विचारूनच टाकतो. आम्ही पिट्सबर्गजवळ राहतो, मुलं इथेच जन्मली. इथे विंटरग्रीन नावाचा फ्लेवर जिकडे तिकडे असतो, च्युइंगगममध्ये, गुलाबी चपट्या गोळ्यांत, माउथवॉशमध्ये, पोट बिघडल्यावर घ्यायच्या गुलाबी औषधात, आणि रूट बिअरमध्ये (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नावात बिअर असली तरी हे दारू नसलेलं कोल्ड्रिंक आहे). मुलं त्यात व्हॅनिला आइस्क्रीम घालून मिटक्या मारत पितात आणि मला नि बायकोला तो ग्लास नुसता जवळ आला तरी कोणीतरी मलमाची बाटली उघडली असं वाटतं. मागे आईबाबा आले होते तेव्हा बाबांनी एक घोट घेतला आणि विचारलं, अरे हे प्यायचं की गुडघ्याला चोळायचं?

तर प्रश्न असा की हे आणि मलमातलं एकच असतं का नुसता वास जुळतो? मी म्हणतो आयोडेक्स, बायको म्हणते विक्स. आणि एकच असेल तर इथल्या लोकांना ते खाण्याची वस्तू कशी काय वाटते, शेजारच्या आजी तर डोळे मिटून म्हणतात की ही माझ्या लहानपणाची चव आहे. त्यांची जीभ वेगळी आहे का?

आणि अजून एक, धाकटीच्या वाढदिवसाला घरीच रूट बिअर करायचा विचार आहे, ऑनलाइन विंटरग्रीन ऑइलची छोटी बाटली दिसली, ती चालेल ना?

औषधवाली_ताई

ती बाटली मागवू नका, आणि मागवली असेल तर आत्ताच पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. सविस्तर रात्री दुकान बंद केल्यावर लिहिते.

बीएस्सी_केमिस्ट्री

दादा, एकच आहे. मिथाइल सॅलिसिलेट. विंटरग्रीनच्या तेलात ९५ टक्क्यांहून जास्त हेच असतं, त्यामुळे वासापुरतं बोलायचं तर तेल म्हणजेच हा रेणू. आयोडेक्स, मूव्ह, झंडू बाम यांच्या खोक्यावर मागे बारीक अक्षरात गंधपुरा तेल लिहिलेलं असतं बघा, ते हेच. वहिनींच्या विक्समध्ये मात्र गंधपुरा नसतो, तिथे पुदिन्याचं फूल, कापूर, निलगिरी, टर्पेंटाइन, ओव्याचं फूल अशी मंडळी आहेत, म्हणून या वादात आयोडेक्स जिंकलं.

इथे ज्यांनी कॉलेजात ऑरगॅनिकची प्रॅक्टिकल्स केलीत त्यांना हा वास पाठ असेल. सॅलिसिलिक अ‍ॅसिड ओळखायची टेस्ट, परीक्षानळीत चिमूटभर अ‍ॅसिड, थोडं मेथॅनॉल, वरून दोन-चार थेंब कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक, गरम करायचं आणि गार पाण्यात ओतायचं, की सगळ्या लॅबमध्ये मलमाचा वास. जर्नलमध्ये आपण सगळे लिहायचो ‘ऑइल ऑफ विंटरग्रीनचा वास’, पण ते विंटरग्रीन म्हणजे झाड आहे का डबा हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नाही. आज बाजारात येणारा बहुतेक माल याच पद्धतीने कारखान्यात होतो.

आता झाडाकडे येतो कारण माझा जीव त्यात जास्त रमतो. अमेरिकेतलं विंटरग्रीन म्हणजे गॉल्थेरिया प्रोकम्बेन्स, वीतभर उंचीचं, जंगलात जमिनीलगत पसरणारं, बर्फातही हिरवं राहणारं आणि लाल फळं धरणारं झुडूप. लोक याला पुदिन्याच्या घरातलं समजतात कारण दुकानात पेपरमिंट, स्पिअरमिंट, विंटरग्रीन अशी पाकिटं शेजारी शेजारी टांगलेली असतात, पण हे कुळ ब्लूबेरीचं आणि बुरांशचं (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचं). १७४८ मध्ये झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसचा शिष्य पेहर काल्म उत्तर अमेरिकेत फिरायला गेला, क्वेबेकमध्ये त्याला गोतिए नावाचे डॉक्टर भेटले ज्यांना झाडांचा फार नाद होता, त्यांच्या आडनावावरून हे गॉल्थेरिया.

गंमत म्हणजे उभ्या झाडाच्या पानाला वास जवळजवळ नसतो. रेणू साखरेला बांधलेला असतो, पान चुरगळलं की त्यातलं एन्झाइम ती गाठ सोडतं आणि मग घमघमाट. म्हणून तेल काढणारे पानं आधी कोमट पाण्यात भिजत घालतात आणि मग भट्टीला लावतात. आणि हे तेल पाण्याहून जड असतं, तळाशी बसतं. बहुतेक सुगंधी तेलं वर तरंगतात, हे खाली जातं. १८४३ मध्ये पॅरिसच्या ओग्यूस्त काहूर यांनी या तेलात सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि मेथॅनॉल जोडलेलं आहे हे दाखवलं. अ‍ॅस्पिरिन बाजारात आलं १८९९ ला, तेही सॅलिसिलिक अ‍ॅसिडपासूनच केलेलं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचा हा चुलता आधीपासून गोळ्या-बडीशेपेसारखा खाल्ला जात होता.

माई_पेनसिल्व्हेनिया

सातारकर, तुम्ही तर या चवीच्या माहेरघरातच राहताय! आम्ही इथे येऊन जन्म गेला, म्हणून लिहिते.

तुमच्या पिट्सबर्गमध्येच क्लार्क कंपनीचा टीबेरी गम निघायचा, टीबेरी म्हणजे याच झुडपाचं फळ. पश्चिम पेनसिल्व्हेनियात उन्हाळ्यात गावोगावच्या आइस्क्रीमच्या दुकानांत गुलाबी टीबेरी आइस्क्रीम मिळतं, दुसऱ्या राज्यातल्या लोकांना ते माहीतही नसतं आणि इथले लोक त्यावरून एकमेकांना ओळखतात. शेजारच्या आजींना विचारा, त्यांनी लहानपणी रानात जाऊन पानं चावली असतील, फळं खाल्ली असतील. न्यू इंग्लंडकडे याच झाडाला चेकरबेरी म्हणतात.

आणि हे नुसतं गोळीवाल्यांचं काम नाही हो. इथल्या मूळच्या लोकांनी, ओजिब्वे वगैरे जमातींनी, याच्या पानांचा काढा अंगदुखीवर, तापावर किती पिढ्या वापरलाय. १७७३ नंतर वसाहतींनी इंग्रजांच्या चहावर बहिष्कार टाकला तेव्हा ज्या ज्या पाल्याचा चहा करून प्यायले त्यात हाही होता. म्हणजे अमेरिकेतसुद्धा सुरुवात औषधानेच झाली.

पुढे अ‍ॅपलेशियन डोंगरात लोकांना कळलं की स्वीट बर्च नावाच्या झाडाच्या सालीतही अगदी तेच तेल आहे आणि झुडपाची पानं वेचत बसण्यापेक्षा झाड तोडणं सोपं. मग काय, भट्ट्या लागल्या, तरुण झाडंच्या झाडं कापून उकळली, चमचाभर तेलासाठी किती लाकूड. कारखान्यातलं तेल स्वस्त झालं तेव्हा कुठे ते थांबलं. मला त्या झाडांचं फार वाईट वाटतं. त्या वेळची बर्च बिअर मात्र अजून आमच्याकडे मिळते, लाल रंगाची, पांढरी, तपकिरी, रूट बिअरपेक्षा तिच्यात हा वास अजून उघडा असतो. आईबाबांना ती देऊ नका.

रूट बिअरचं म्हणाल तर फिलाडेल्फियाचे चार्ल्स हायर्स, औषधं विकणारे गृहस्थ, त्यांनी १८७६ च्या तिथल्या मोठ्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आणली. तेव्हा तिची मुख्य चव सासाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाची होती, विंटरग्रीन जोडीला. १९६० मध्ये सासाफ्रासमधल्या सॅफ्रोलवर बंदी आली, कारण उंदरांच्या यकृताला त्याने कॅन्सर होतो असं दिसलं, आणि मग ती जागा भरायला विंटरग्रीन पुढे आलं. तर तुमचे बाबा १९५० मध्ये पेनसिल्व्हेनियात आले असते तर कदाचित गुडघा आठवला नसता.

लेस्टरकर

इकडे इंग्लंडमध्ये या, तुम्हाला एकटं वाटणार नाही. इथल्या गोऱ्या मित्रांना रूट बिअर दिली की तेही तुमच्या बाबांसारखंच तोंड करतात, त्यांना जर्मोलीन आठवतं. गुलाबी अँटिसेप्टिक मलम, गुडघा फुटला की आई लावायची ते. नाहीतर डीप हीट, म्हणजे रग्बीच्या मॅचनंतरची चेंजिंग रूम. फ्लेवर म्हणून इथे हा वास फारसा चालतच नाही, युथिमॉल म्हणून एक गुलाबी टूथपेस्ट आहे, तिचे भक्त आहेत पण बाकीचे लोक लांब राहतात.

आणि यावर खरंच अभ्यास झालाय. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये लोकांना बरेच वास देऊन कोणता किती आवडतो ते विचारलं, त्यात मिथाइल सॅलिसिलेट अगदी तळाला गेलं. १९७८ मध्ये अमेरिकेत तसंच विचारलं तर विंटरग्रीन अगदी वर. रेणू तोच, नाकं माणसाचीच. वासाच्या मानसशास्त्रावर काम करणाऱ्या रेचेल हर्झ यांनी याचं कारण असं मांडलंय की ब्रिटिशांच्या त्या पिढीला हा वास दुखण्याच्या मलमातून माहीत होता, युद्धाच्या काळातली माणसं ती, आणि अमेरिकनांना गोळी-चॉकलेटमधून. त्यामुळे जिभेचा काही संबंध नाही, शेजारच्या आजींची जीभ तुमच्यासारखीच आहे. वास पहिल्यांदा कुठे भेटला त्यावर पुढचं सगळं ठरतं असं मला ठाम वाटतं.

आपल्या बाजूने बघा ना, आपल्या घरात हा वास कधी यायचा? आजीची कंबर धरली की. आजोबांच्या बंडीला. शाळेच्या कबड्डीच्या संघाला. वारीत मुक्कामाच्या गावी पाय चेपून देणारे स्वयंसेवक बसलेले असतात तिथे तर दुरूनच येतो. मुंबईत अमृतांजन १८९३ मध्ये सुरू झालं, म्हणजे बामची डबी घरात असण्याची सवय आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. गोळीत हा वास आपल्याला कोणी दिलाच नाही. आपल्याकडे गोळी म्हणजे लिमलेट, संत्रं, पेपरमिंट, फार तर बडीशेप.

सातारकर_पिट्सबर्ग

वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लेस्टरकर, तुमचं पटतंय, पण एक शंका. अमेरिकेतही याच वासाची मलमं मिळतातच की, माझ्या जिममध्ये सगळे तेच चोळतात. मग त्यांना रूट बिअर पिताना जिम का नाही आठवत?

सिंगापूर_मिसळ

सातारकर, याचं उत्तर आमच्याकडे आहे. इथे घराघरात मेडिकेटेड ऑइलच्या बाटल्या, पोट दुखलं लाव, डोकं दुखलं लाव, बसमध्ये मळमळलं हुंग, आणि बऱ्याच तेलांत हेच मिथाइल सॅलिसिलेट. म्हणजे तुमच्या हिशोबाने इथल्या लोकांनी रूट बिअरला हात लावायला नको. पण मलेशियात ए अँड डब्ल्यू ही रूट बिअरवाली अमेरिकन हॉटेलांची साखळी १९६३ पासून आहे, तिकडचं पहिलं फास्ट फूड म्हणतात त्याला, आणि थंडगार काचेच्या मगमधली रूट बिअर तिथल्या दोन-तीन पिढ्यांची लाडकी आहे. शिवाय सार्सी म्हणून त्याच घराण्यातलं कोल्ड्रिंक वर्षानुवर्षं चालतंय, काही जण तर त्यात चिमूटभर मीठ घालून घसा बसला की पितात. माझ्या ऑफिसातली एक चिनी बाई म्हणते, हो, आजीच्या तेलासारखीच चव आहे, म्हणून तर आवडते.

त्यामुळे मला वाटतं मलम आड येतच नाही. लहानपणी दोन्ही मिळालं, आजीचं तेलही आणि सुट्टीच्या दिवसाचा थंड मगही, तर डोक्यात दोन्ही कप्पे तयार होतात आणि एकमेकांशी भांडत नाहीत. आपल्याकडे दुसरा कप्पा उघडलाच नाही. तुमच्या मुलांचा उघडलाय. त्यांना उद्या साताऱ्याला आजोबांच्या गुडघ्याचा वास आला तर त्यांना आइस्क्रीम आठवेल, आणि त्यात मला तरी फार छान वाटतं.

औषधवाली_ताई

आता सविस्तर लिहिते, आणि कृपया सगळ्यांनी वाचा, कारण वरच्या गप्पा वाचून कोणीतरी तेल मागवणार.

एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली विंटरग्रीन ऑइल, याची मात्रा ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून जास्त अ‍ॅस्पिरिन गोळ्यांएवढी होते. लहान मूल यात दगावू शकतं, दगावलेली आहेत. वास गोड येतो म्हणून मूल बाटली तोंडाला लावतं हाच सगळ्यात मोठा धोका. गोळीत, गममध्ये, पेस्टमध्ये कारखानेवाले जे घालतात ते अगदी अत्यल्प, मोजून, आणि खाण्याच्या दर्जाचं. घरी ड्रॉपरने अंदाजाने टाकणं वेगळं. अरोमाथेरपीच्या नावाने विकलेली बाटली तर स्वयंपाकघरात येऊच नये. तुम्हाला घरी रूट बिअर करायचीच असेल तर तयार रूट बिअर एक्स्ट्रॅक्ट मिळतं दुकानात, बाटलीवरचं प्रमाण बघून साखर आणि सोडा घाला, झालं.

मलमाचंही सांगते. कातडीतून हे शरीरात जातं. २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका शाळकरी धावपटू मुलीचा मृत्यू झाला, अशी मलमं फार जास्त प्रमाणात वापरल्यामुळे अंगात मिथाइल सॅलिसिलेट साठलं होतं. थोडं लावून काही होत नाही, पण दिवसभर थर देत राहणं, वर गरम पाण्याची पिशवी ठेवणं, घट्ट गुंडाळून ठेवणं, हे करू नका. आणि घरात कोणी रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी घेत असेल तर रोज भरपूर मलम चोळण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्या गोळीचा परिणाम वाढतो. आमच्याकडे येणारे आजोबा लोक हे कधीच सांगत नाहीत कारण मलम म्हणजे औषध असं त्यांना वाटतच नाही. ज्यांना अ‍ॅस्पिरिन सोसत नाही त्यांनीही जपून.

उटीहून येताना लोक निलगिरी तेलाबरोबर विंटरग्रीन तेलाची बाटली आणतात, ती बाटली आणि खोकल्याचं औषध एका फळीवर ठेवू नका एवढं माझं ऐका.

बीएस्सी_केमिस्ट्री

ताईंना शंभर टक्के अनुमोदन.

उटीचा विषय निघालाच तर, आपलं स्वतःचं विंटरग्रीन आहे, गॉल्थेरिया फ्रॅग्रँटिसिमा, निलगिरीच्या डोंगरात, मेघालयात खासी टेकड्यांवर आणि हिमालयात. अमेरिकेतलं वीतभर तर हे माणसाच्या उंचीचं झुडूप होतं. नेपाळमध्ये धसिंगरे म्हणतात, तिथल्या डोंगरी गावांत पानं गोळा करून तेल काढायचा धंदाच आहे. म्हणजे झाड आपल्याकडे होतं, तेलही होतं, फक्त ते तिखट-मिठाच्या डब्यात गेलं नाही.

आणि सातारकर, वाढदिवसाला तेलाऐवजी हे करा. लाइफ सेव्हर्सच्या विंटरग्रीन गोळ्या आणा, साखरेच्या, शुगरफ्री नको. खोलीत मिट्ट काळोख करा, डोळे सरावेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबा आणि पोरांना आरशासमोर तोंड उघडं ठेवून गोळी दाताने कडकन फोडायला सांगा. निळ्या ठिणग्या दिसतात! साखरेचा स्फटिक फुटताना त्यात विजेचा भार वेगळा होतो, हवेतला नायट्रोजन चमकतो, पण तो प्रकाश बहुतेक अतिनील असतो, आपल्याला दिसत नाही. मिथाइल सॅलिसिलेट तो गिळतं आणि निळा करून परत देतं. नुसत्या साखरेचीही ठिणगी पडते पण फार फिकट. दाताने नको असेल तर पक्कडीने फोडा. फार लहान भावंडांना मात्र गोळी देऊ नका, घशात अडकायची.

फुलबाग

उशिरा आले पण एक राहिलंय. आपल्याकडे हा वास फक्त मलमात भेटतो असं वर लिहिलंय, ते मला नाही पटत. गुलछडी! निशिगंधाच्या सुगंधात मिथाइल सॅलिसिलेट असतं. मार्केट यार्डात पहाटे गुलछडीचे ढीग पडलेले असतात तेव्हा जवळ जाऊन नीट हुंगा, वरचा गोडवा बाजूला सारला की मागे किंचित औषधी, बामसारखी झाक येते. तीच ती. परदेशी अत्तरवाले या झाकेवर जीव टाकतात. काळ्या चहातही असतं, सिलोनच्या उवा भागातल्या चहात तर इतकं की लोक त्यासाठीच तो घेतात. म्हणजे देवाच्या हारात आणि सकाळच्या कपात आपण हा वास आवडीने घेतोच, फक्त एकटा समोर आला की ओळखू येतो आणि गुडघा आठवतो.

झाडं हा रेणू माणसासाठी करतच नाहीत हेही सांगते. रोग पडला, किडीने खाल्लं की पुष्कळ झाडं मिथाइल सॅलिसिलेट हवेत सोडतात. तंबाखूवर विषाणू सोडून बघितलं तेव्हा शेजारच्या निरोगी झाडांनी या वासावरून आपली संरक्षणाची तयारी सुरू केली. तंबाखू आणि टोमॅटोवाल्या शेतकऱ्यांच्या रानात हे रोज घडत असणार.

सातारकर_पिट्सबर्ग

सगळ्यांचे मनापासून आभार. तेल रद्द केलं, एक्स्ट्रॅक्ट आणणार, आणि ठिणग्यांचा कार्यक्रम नक्की. बाबांना फोनवर गुलछडीचं सांगितलं तर ते म्हणाले फुलवाल्याकडे जाऊन हुंगून सांगतो. फुलबाग ताई, हे टीबेरीचं झुडूप कुंडीत लावता येईल का? मागच्या अंगणात सावली भरपूर आहे.

फुलबाग

तुमच्या हवेत आरामात येईल, ते तिथलंच आहे. माती आंबट लागते, ब्लूबेरीला लागते तशी, त्यामुळे पाईनच्या सुया, पानांचं कुजलेलं खत घाला, चुना किंवा राख अजिबात नको. अर्धी सावली, माती ओलसर पण पाणी साठू नये. हळू वाढतं, पहिल्या वर्षी काही होत नाहीये म्हणून उपटू नका. रोप नर्सरीतून घ्या, रानातून खणून आणू नका. आणि फळं पोरांनी एक-दोन चाखली तर ठीक, वाटीभर नको, ताईंनी वर सांगितलंय तेच कारण.